घोडदळ आणि दुसरी वेलांटी

सोमवार, ५ मे

आठवी हार! सलग आठवी!!

काल जेवणाच्या टेबलावरच्या लढाईत माझा सेनापती पवनचक्कीमागे लपला होता – लपला नव्हता, दबा धरून बसला होता – आणि मेहुण्याच्या तीन घोडेस्वारांनी त्याला तिथेच गाठलं. सुटकेसाठी फासा टाकला. एक. नियमाप्रमाणे परत टाकला. परत एक! मेहुणा म्हणतो, "भावोजी, अजिबात दुखणार नाही, आ करा." दाताचा डॉक्टर झाला म्हणून जिथे तिथे तेच बोलायचं का?

फासा एका बाजूला जड आहे, एवढंच म्हणालो. तर स्वयंपाकघरातून बायको – "नाचता येईना, अंगण वाकडं!" सख्खा भाऊ जिंकला की हिला बोलायला सुचतं.

दोनशे अठरा सैनीक आहेत माझे. बोटाच्या पेराएवढे, दोनशे वर्षांपूर्वीच्या निळ्या गणवेशातले. सहा वर्षं लागली रंगवायला. दुकानात चष्म्याच्या फ्रेमचे स्क्रू बसवायचं भिंग आहे, तेच डोळ्याला लावून प्रत्येकाला मिशी काढली. (सैनीक. पहिली वेलांटी की दुसरी? जाऊ दे. दुसरीच बरी, भाला धरून उभी राहिल्यासारखी दिसते. आणि इथे वाचायला कोण येतंय!)

आता शपथ. पुढची लढाई हरलो तर सगळं सैन्य मेहुण्याला देऊन टाकणार आणि पुन्हा फाशाला हात लावणार नाही. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर हसतील. किंवा हसणार नाहीत, समजूत काढतील. ते जास्त वाईट.

मुद्दा हरण्याचा नाही. म्हणजे आहेच. आठवडाभर दुकानात मी "आता दिसतंय? आता? आणि आता?" एवढंच बोलतो. रविवारी तीन माणसं मला सेनापती म्हणतात. म्हणजे चेष्टेनेच म्हणतात. पण हल्ली त्या चेष्टेतही दम राहिला नाही, हे मला समजतं आणि फार लागतं.

बुधवार, ७ मे

बायकोला आवरायला हवं. ती छापखान्यात मुद्रितं तपासते हे मान्य, पण घरी आल्यावर पेन्सिल खाली ठेवायची की नाही? आज जिन्यातल्या "पाणि बंद राहील" या सूचनेवरची वेलांटी दुरुस्त करून आली. मागे चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, ती हिने सात चुका काढून टपालाने परत पाठवली! लग्नाला गेलो तर नवरीमुलगी बोलेना.

"अगं, लोक काय म्हणतील?"

"चूक दिसली की माझा हात थांबत नाही हो."

मी वाणसामानाची यादीसुद्धा आता तोंडी सांगतो.

रविवार, ११ मे

नववी लढाई सुरू! मी निळा, मेहुणा लाल. दहावी फेरी संपेपर्यंत पूल माझ्याकडे राहिला तर मी जिंकलो. साधं आहे. साधंच मला जमत नाही.

मास्तर पंच. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी इतिहासाचा तास संपलेला नाही. प्रत्येक चालीला "प्रत्यक्षात असं घडलेलं नाही!" ही लढाई त्यांच्या पुस्तकात अडीच पानं आहे आणि ती अडीच पानं आम्हाला भोवतात. जमीनमोजणीतला मित्र – त्याला आम्ही मोजणीच म्हणतो – प्रत्येक चाल पोलादी टेपने मोजतो. माझ्या तोफा अर्ध्या सेंटीमीटरने पुढे गेल्या म्हणून मागे घ्यायला लावल्या. बांधावरून भांडणारी माणसं रोज बघून बघून हा असा झालाय.

तिसऱ्या फेरीत फासा कपाटाखाली गेला. चार प्रौढ माणसं फरशीवर पालथी! मेहुणा म्हणे पाच, मास्तर म्हणे तीन. "नजरेचं काम तुमचं, तुम्ही सांगा," म्हणून मला पुढे ढकललं. खरं सांगायचं तर मला काहीच दिसलं नाही. चष्मा टेबलावर राहिला होता. पण धंद्याचा प्रश्न – ठामपणे तीन म्हणालो. बायकोने केरसुणीने फासा बाहेर काढला आणि विचारलं, "चहा टाकू की तुम्ही तिथेच राहताय?"

सहाव्या फेरीअखेर मेहुण्याला दवाखान्यातून फोन आला. कुणाचीतरी अक्कलदाढ. लढाई तशीच टेबलावर ठेवून उठलो. पुढच्या रविवारी उरलेल्या चार फेऱ्या.

परिस्थिती वाईट आहे. लाल घोडदळ, सहाच्या सहा घोडे, माझ्या डाव्या बाजूला टेकडीवर उभे. सातव्या फेरीत खाली उतरणार, माझे बारा सैनीक तुडवणार आणि पूल घेणार. मोजणीने मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय, म्हणजे पुढे वाद नको. वाद कसला व्हायचाय!

सोमवार, १२ मे

टेबल अडकलेलं. इस्त्रीच्या पाटावर ताटं मांडून जेवलो. बायकोची वाटी घसरली, माझ्या मांडीवर.

"अजून किती दिवस हा बाहुल्यांचा खेळ?"

"रविवारपर्यंत," म्हणालो. पुढचं बोललो नाही. त्यानंतर टेबल कायमचंच मोकळं होईल, बाईसाहेब.

मंगळवार, १३ मे

डबे आणले. चष्म्यांचे रिकामे डबे, आत मऊ कापड असतं. एका डब्यात चार सैनीक बसतात. मावतात का एवढंच बघत होतो. बायको दारात येऊन उभी राहिली. डब्यांकडे बघून परत गेली.

गुरुवार, १५ मे

घोडदळ हललंय!!

आंघोळीला जाताना सहज टेबलाकडे पाहिलं. लाल घोडदळ टेकडीवर नाही. सहाही घोडे खाली, दलदलीत! (दलदल म्हणजे जुन्या हिरव्या टॉवेलचा तुकडा.) आणि नियम असा की दलदलीत शिरलेल्या घोडदळाला सहा पडल्याशिवाय बाहेर येता येत नाही.

"टेबल पुसलंस का गं?"

"मी कशाला हात लावू तुमच्या बाहुल्यांना?" मुद्रितातून मान वर नाही. "पाय डुगडुगतोय त्याचा. वर्षभर सांगतेय, पाचर लावा."

म्हणजे टेबल हललं आणि घोडे घसरले. शक्य आहे. फासा ठेवून उतार बघितला, तर तो उजवीकडे घरंगळला. दलदल डावीकडे आहे. विज्ञान बाजूला ठेवलं.

बायकोवर संशय घेण्यात अर्थ नाही. तिला घोडदळ आणि पायदळ यातला फरक कळत नाही.

शुक्रवार, १६ मे

घोडे परत टेकडीवर ठेवले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण उसन्या विजयावर मिशीला पीळ द्यायचा मला जमणार नाही. हरेन, पण सरळ हरेन. शपथ आहे तशीच.

शनिवार, १७ मे

परत दलदलीत!!! सहाच्या सहा! तोंडं दलदलीच्या आत, शेपट्या बाहेर, ओळीत, सारख्या अंतरावर!

मी झोपेत चालतो की काय? बायकोला विचारलं. म्हणाली, "चालत नाही, घोरता."

आता हात लावणार नाही. उद्या सगळ्यांसमोर सांगून टाकीन.

रविवार, १८ मे

सांगितलं. देवाशपथ सांगितलं! आल्या आल्या म्हणालो, "हे घोडदळ इथे नव्हतं. टेकडीवर होतं. आपोआप हललंय."

मेहुणा टेबलाकडे बघत म्हणाला, "नाही हो भावोजी, दलदलीजवळच होतं बहुतेक." त्याला आठवत नव्हतं! आठवडाभर दाढा उपटल्या, घोडे कुठले लक्षात राहणार. मोजणीने फोटो उघडला. उजवी बाजू स्वच्छ, पूल स्वच्छ, आणि डाव्या बाजूला त्याचा स्वतःचा अंगठा! अर्ध्या सेंटीमीटरसाठी भांडणारा माणूस!!

मी टेबलाच्या पायाचं सांगितलं. सगळे परत फरशीवर. मोजणीने पिशवीतून पातळी बघायची पाणसळ काढून टेबलावर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यभागी. टेबल अगदी समपातळीत होतं. (गुरुवारी फासा घरंगळला तो एका बाजूला जड म्हणून, मी म्हणत होतोच!) तरीही कुणाला पुढचा प्रश्न पडला नाही, कारण तेवढ्यात मास्तर ओरडले, "पान एकशे बारा! घोडदळ दलदलीत रुतलं! प्रत्यक्षात असंच घडलेलं आहे!" नऊ लढायांत पहिल्यांदा आमचा खेळ पुस्तकाशी जुळला. त्यांचे डोळे भरून आले. त्या माणसासमोर घोडे परत टेकडीवर नेण्याची कुणाची छाती होती?

सातवी फेरी. मेहुण्याला दोन. आठवी. चार. नववी. एक! आतून बायकोचा आवाज – "सहा पडला का रे?" काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं असेल. दहावी फेरी. मेहुण्याने फाशावर फुंकर मारली, कपाळाला लावला, टाकला. फासा फिरला, फिरला... पाच.

पूल माझा! जिंकलो!!! मी खुर्चीवर चढलो. ती खरंच डुगडुगते. पडलो. पडल्या पडल्या ओरडत राहिलो.

मेहुणा फुरंगटून स्वयंपाकघरात गेला. "ताई, बघ ना, एकदाही सहा नाही!"

"हरायला शीक जरा," ताई म्हणाली. "भावोजी आठ वेळा हरलेत तुझ्याशी. एकदा तरी असं तोंड केलं का त्यांनी?"

मी दाराआड होतो. तिने आकडा मोजलाय हे मला माहीत नव्हतं.

मंगळवार, २० मे

दुकानात एका गिऱ्हाइकाला विचारलं, "आता दिसतंय?" तो म्हणाला, "साहेब, आज खुशीत दिसताय." सैनीकांचे डबे रिकामे करून परत दुकानात नेले.

बुधवार, २१ मे

पाच तारखेचं पान उघडलं, शपथ खोडावी म्हणून. ती आधीच खोडलेली आहे. पेन्सिलीने. पट्टी लावून मारल्यासारखी सरळ रेघ आणि समासात गाळण्याची खूण, छापखान्यात करतात तशी. पंधरा तारखेला "फरक कळत नाही" या वाक्यासमोर नुसतं एक प्रश्नचिन्ह.

आणि पानोपानी, एकूण एक सैनीकाची दुसरी वेलांटी खोडून पहिली केलेली. सगळ्यांचे भाले डाव्या बाजूला आणून ठेवलेत.

वही होती तिथेच, होती तशीच ठेवतोय. हा वरचा सैनीक मात्र मुद्दाम चुकवलाय.