बारवेच्या गोष्टीची शेवटची पानं

बाई, तुम्हाला पत्र लिहून विचारते, असं मी लेकीला सांगून बसले आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, हे तिला ठाऊक नाही. ती उंबऱ्यावर बसून माझ्या पेनाकडे बघते आहे, म्हणून लिहिणं भाग आहे.

तिचे वडील दिवाळीनंतर गेले. रांजणगावच्या कारखान्यातून पहिली पाळी सुटल्यावर मोटारसायकलवरून शिरूरला घरी येत होते, हायवेवर टेम्पोनं उडवलं. पोर दहा वर्षांची, पण रडली नाही. आलेगेले म्हणाले, "शहाणी हाय बाई पोर." मला त्या शहाणपणाची धास्ती बसली आहे. सकाळच्या शाळेत जाते, डबा संपवते आणि वडिलांचा विषय निघाला की उठून जाते. रोज साडेतीनच्या सुमाराला, त्यांच्या घरी यायच्या वेळेला, गल्लीत मोटारसायकल वाजली की वहीतून मान वर करते. मीही करते, खोटं कशाला बोलू.

पंधरा दिवसांपूर्वी तिनं माझ्या पेटीतून पुस्तक काढलं. तेच, बाई, बारवेचं. कोरड्या बारवेच्या तळाशी एक म्हातारी माणसांचे आवाज रांजणांत कोंडून ठेवते, आणि बापाचा आवाज सोडवायला एक पोरगी एकटी पायऱ्या उतरते. यवतजवळच्या आपल्या शाळेत तुम्ही दर शनिवारी ते वाचायचात आणि नेमकं रांजणाचं झाकण हलायला लागलं की पुस्तक मिटायचात. आम्ही पोरी एकमेकींच्या दंडाला धरून ओरडायचो, "बाई, आजून एक पान!" पुढच्या शनिवारची वाट बघायचो. आमचं घरात कोण ऐकत होतं तेव्हा? त्या गोष्टीत मोठी माणसं काठावरून नुसत्या हाका मारतात, खाली उतरायची हिंमत पोरगीच करते. लेकही मांडी घालून तसंच वाचत होती, तोंडात वेणीचं टोक धरून. किती महिन्यांनी तिचा चेहरा हललेला पाहिला.

निम्मं तुम्ही वाचायचं आणि पुढचं आम्ही पाळीपाळीनं घरी नेऊन, हा तुमचा नियम. पहिली पाळी माझी आली आणि मला ताप भरला. आईनं दोष पुस्तकालाच दिला. म्हणाली, "ज्याला पोर भ्याली, ते उताऱ्यात टाकायचं." पण पुस्तक पडलं शाळेचं. मग तिनंच तोड काढली, "जिथं भ्यालीस तेवढीच पानं काढ." मी माझ्या हातानं फाडली. दिवेलागणीला भाकरी, लिंबू आणि ती पानं माझ्यावरून उतरवून तिनं तीन वाटांच्या तिकाटण्यावर ठेवली. ताप उतरला, आणि आईचा उताऱ्यावरचा विश्वास कायमचा पक्का झाला.

वर्गात तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, पानं आधीच नव्हती. तुम्ही रागावला नाहीत. "ज्याला शेवट ठाऊक हाय, त्यानं उभं राहून सांगावा. मी सांगणार न्हाई," म्हणालात. कुणी उठलं नाही. सातवीच्या निरोपाच्या दिवशी ते पुस्तक माझ्याच हातात दिलंत. "सांगावंसं वाटलं की ये," एवढंच बोललात. मी आले नाही. दौंडला तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हाही दारातून परत फिरले.

काल लेक शेवटच्या पानाशी पोचली. पोरगी रांजणावर हात ठेवून उभी आहे, आतून बाप हाक मारतो आहे, आणि पुढे फाटलेल्या कडा. तिनं पुस्तक माझ्यापुढे धरलं. "आई, ती आणती का गं तिच्या पप्पांना?" इतक्या महिन्यांत 'पप्पा' हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा आला. मी म्हणाले, पानंच न्हाईत बाळा. तर म्हणते, "मग ज्यांचं पुस्तक हाय म्हणतीस त्या बाईंना इचार की."

काय सांगू हो बाई? आणते म्हणावं, तर ही जन्मभर साडेतीनला मान वर करत राहील. नाही म्हणावं, तर आत्ता कुठे उघडलेलं तिचं तोंड पुन्हा मिटेल. नातेवाईक आहेत, शेजारी आहेत, पण हे कुणाला विचारू? माझी मती चालत नाही. तुम्ही असतात तर पायाशी येऊन बसले असते. आत्ता तिनं आतून पाकीट आणून ठेवलं आहे आणि पत्ता विचारते आहे.

हे पत्र काही पाकिटात जायचं नाही. पानं आधी नव्हती हे खोटं होतं, ते तुम्ही तेव्हाच ओळखलंत. पण ती मी न वाचता फाडली नव्हती, बाई. ताप भरला तो ती वाचल्यावरच. गोष्टीतली पोरगी बापाशिवाय, एकटीच वर येते. आणि रांजणाचं झाकण तिनंच, आपल्या हातानं, परत लावलेलं असतं.