मेमसाहेबांचे ठिपक्यांचे झाड

राजश्री वामनराव, मुक्काम अकोला, यांसी अमरावतीहून खुशालरावाचा नमस्कार. इकडे सारे सुखरूप, असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तुमची बहीण मनकर्णा खरोखरच सुखरूप आहे, मी नाही. रुख्मिणीवहिनींचा खोकला कसा आहे?

ज्यांच्यासाठी मी कापूस जमवतो ते साहेब उन्हाळ्यापुरते चिखलदऱ्याला गेले आणि मेमसाहेबांचे विलायती झाड माझ्या हवाली करून गेले. फूल नाही, फळ नाही, बारा महिने नुसती पाने. त्याला ऊन लागू द्यायचे नाही, माती सुकली की पाणी घालायचे, पाने ओल्या फडक्याने पुसायची. (मनकर्णा म्हणते, पोरांची तोंडे कधी पुसली नाहीत.) झाड जगले तर पुढच्या हंगामाची दलाली माझी, नाहीतर दुसऱ्याची, हे साहेबांनी हसत सांगितले, म्हणून जास्तच धास्ती वाटते. आता वैशाखात सावली आणायची कोठून? अमेरिकेतल्या लढाईने कापसाला असा भाव आला आहे की घरातली सगळी सावली गासड्यांनी धरली आणि माणसे निंबाखाली निजतात. शेवटी दोन गासड्या बाहेर काढून झाड आत घेतले.

तेवढ्यात मोर्शीहून तुमचे वडील, म्हणजे आमचे मामाजी, आले. झाडाच्या पानांवर पिवळे ठिपके होते. मामाजींचा जन्म कपाशीत गेला. पाहताच म्हणाले, "जवाईबापू, रोग लागला याले. तुमी पाहून काय राहिले?" ठिपक्याचे पान न् पान त्यांनी खुडले, वर राख मारली. चार हिरवी पाने उरली आणि (सांगायला लाज वाटते) मी त्यांना खुशीने नवे धोतर नेसवले. काल साहेबांचा खानसामा कुर्बान आला आणि कुंडीपाशी मटकन बसला. "ठिपके पाहूनच तं मेमसाबनं हे झाड आणलं. कावून खुडले?" चार-आठ दिवसांत साहेब परततात. माझे जेवणावरून मन उडाले आहे. मागणे काही नाही, मन मोकळे केले. कळावे, लोभ असावा.

ता. क. वहिनींचा हात रांगोळीत फार बारीक आहे. त्यांना दोन दिवस धाडावे, येताना हळद आणावी. चार पानांचेच काम आहे.

दुसरा ता. क. वहिनींना त्रास नको. मनकर्णानेच काडीने हळदीचे ठिपके दिले, इतके हुबेहूब की कुर्बानने सलाम केला. मी टपालवाल्याला हाक मारायला बाहेर गेलो, तेवढ्यात ते मामाजींना दिसले. आता झाडाला एकही पान नाही. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली (मामाजींना उद्देशून म्हणत नाही). पत्र पावताच बैलगाडी जुंपून या आणि तुमच्या वडिलांना घेऊन जा. ते राखेची टोपली घेऊन कुंडीशी बसले आहेत आणि नवी पालवी फुटेपर्यंत हलणार नाही म्हणतात.