प्रेसचं दार

शुक्रवार, मुलुंड

मी प्रोग्राम केलेल्या, पत्रा दाबणाऱ्या मशीनची ट्रायल झाली, पण कारखान्याचे मालक काम पूर्ण झाल्याची सही करेनात. प्रेसचं दार उघडलं की मशीन थांबतं, ते त्यांना नको. "वेळ जातो, प्रोग्राममधून काढून टाका." माझा बॉसही म्हणाला, "कर ना यार, सही घेऊ आणि निघू." मी नाही म्हटलं. ऑपरेटर वनिताताई दारातून हात घालून पत्रा सरळ करत होत्या. तो हात दिसत होता, बस.

"ठीक आहे, सोमवारी दुसरा येऊन काढेल," बॉस म्हणाला. राग यायला हवा होता ना? काहीच आलं नाही. अजूनही नाही. फक्त तो हात.

निघताना म्हटलं, "ताई, सोमवारपासून आत हात घालू नका."

त्या हसल्या. "दार उघडलं की थांबतं की ते! तुम्हीच तर शिकवलंत."