इंजिनाची शिटी अन् कमलाची डाळ

आदरणीय गुलाबराव दादास,

भिलाईहून धाकट्या धोंडबाचा मनापासून जय भीम. वहिनीले बी सांगा. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनीची शुगर उतरली का? इकडे सारे ठीक आहेत. म्हणजे मी ठीक आहे, कमला माझ्याशी बोलत नाही, बाकी सेक्टर सहाची हवा चांगली आहे.

तुमाले माहीतच आहे, रिटायर झाल्यापासून मी वाफेच्या इंजिनाचं मॉडेल बनवून राहिलो. (प्लांटच्या लोको शेडमध्ये सारी उमर डिझेलमध्ये हात काळे केले, पण जीव वाफेवरच होता.) पावडरच्या डब्याचं बॉयलर केलं, दिवाणावर गोल पटरी टाकली. पण असं निर्जीव इंजिन पाहवत नाही हो. मंग समोर टॉर्चचा एलईडी बसवला, भट्टीत लाल दिवा ठेवला. तो असा लुकलुकते, का वाटावं आत्ताच कोणी कोळसा टाकला. राहिला आवाज. सिविक सेंटरच्या बाजारातून आवाजाची चिप आणली, तं तिच्यातून कार मागं घेतानाचं पीं-पीं निघालं. इंजिन चाललं पुढं अन् आवाज मागं! मी डोकं धरून बसलो, तवाच किचनमध्ये कुकरनं शिटी दिली. काय सांगू दादा! वाफेची शिटी ती वाफेचीच. मोबाईलवर रेकॉर्ड केली, स्पीकर इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात लपवला, अन् इंजिन बोललं. मले रडूच आलं. (कमलाले कांद्याचं कारण सांगितलं.)

आता खरं ऐका. तुमी सुचवलेले राजनांदगावचे पाहुणे, हेमराजजी, त्याईची बायको अन् मुलगा रोशन, रविवारी आपल्या आम्रपालीले पाहाले आले. रोशन अन् आम्रपालीनं फोनवर एकमेकाले पसंत केलंच होतं. राहिला होता मोठ्यांचा होकार, अन् त्या काळजीनं पोरगी धड जेवत नव्हती. मी बैठकीत इंजिन चालू केलं. हेमराजजी रेल्वेतले, त्याईचे डोळेच चमकले. 'और एक बार बजाओ ना,' म्हणे. मी शिटी वाजवली. पुन्हा वाजवली. पाहुण्याचं मन कायले मोडाचं? तिकडं किचनमध्ये कुकरात डाळ, अन् कमलाचा नेम पक्का: तीन शिट्या झाल्या का गॅस बंद. केला बंद. डाळ पानात आली, तं दाणा वेगळा अन् पाणी वेगळं. कमलानं एकदा माझ्याकडं पाहिलं अन् डाळ पुन्हा चढवली. आता कितीबी शिट्या झाल्या तरी ती जागची हलेना. 'वाजवू द्या त्याईले, मी नाही फसत,' म्हणे. अन् ह्या वेळेले वाजत होता खरा कुकर! डाळ जळाली, धूर बैठकीत आला. हेमराजजीच्या बायकोनं कौतुकानं विचारलं, 'अय्या, यातून धूर बी निघते?'

पाहुणे लोणचं-भात खाऊन गेले. 'फोन करतो,' म्हणाले. अजून फोन नाही. आम्रपाली मोबाईल हातात घेऊन बसते. तेच मले जास्त लागते.

तुमचा,
धोंडबा

ता. क. कामाचं राहूनच गेलं. सोयरीक तुमी सुचवली, तं हेमराजजीले एक फोन तुमीच करा. म्हणा, धोंडबाच्या घरी डाळ रोज शिजते.

ता. क. दुसरा. फोन करू नका! पाकीट चिकटवून राहिलो होतो, तं त्याईचाच आला. होकार आहे! आम्रपाली घरभर नाचून राहिली. हुंड्याचं तं आपल्यात नावच नाही, पण हेमराजजी हसत हसत म्हणे, 'पोरीसोबत ते इंजिन द्या.' पोरीसाठी मी तिथल्या तिथं हो म्हटलं. इंजिनासाठी दोन दिवस मागितले. तवा कमला बोलली एकदाची, पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

देईन हो मी. पण दादा, एकाच दिवशी दोघं घरातून निघतील. मंग संध्याकाळी बैठकीत बसून मी काय ऐकू? तुमी लग्नाले आधीपासून या. पोरीले मी गाडीत बसवून देईन, इंजिन तुमी उचला. माझ्यानं दोन्ही व्हायचं नाही.