पाण्याच्या खणातली कुपी

दि. १२ मार्च

प्रिय ताईस,

नमस्कार. भावोजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही बरे आहोत.

वॉर्डात नवीन मेट्रनबाई आल्या आहेत. बुटक्या, चष्मा कायम डोक्यावर, आवाज इतका हळू की ऐकायचं तर आपणच गप्प बसावं लागतं. दर सोमवारी सकाळी आम्हाला दहा मिनिटं जमवतात आणि म्हणतात, "आठवड्यात काय चुकलं, किंवा चुकता चुकता राहिलं, ते सांगा. कोणी केलं ते नको, कसं झालं ते." पहिल्या दिवशी बाईंनीच स्वतःची तरुणपणीची चूक सांगितली. त्यात पेशंट दगावला होता. काही लपवलं नाही, सारवासारव नाही. असं माणूस मी पाहिलं नव्हतं.

गेल्या सोमवारी मी बोलले. इंजेक्शनची पावडर विरघळवायला पाण्याची कुपी घ्यायला गेले आणि हातात आली पोटॅशियमची. लेबल वाचलं म्हणून निभावलं, नाहीतर पेशंटचं हृदयच थांबलं असतं. बाई रागावल्या नाहीत. कपाटापाशी आल्या, दोन्ही कुप्या उजेडात धरल्या. "मलाही सारख्याच दिसतात. उद्या आणखी कोणीतरी हीच उचलेल." दुपारपर्यंत पोटॅशियम वॉर्डातून हललं. आता ते खालच्या औषध विभागातून लाल डब्यात येतं, आणि दोघींनी नाव मोठ्यानं वाचल्याशिवाय आम्ही ते उघडत नाही.

हे सगळं तुला का सांगतेय, ते तुझ्या लक्षात आलं असेल.

तूही तेव्हा पाणी समजून पोटॅशियमच दिलं होतंस. पेशंट वाचला, पण तुझी नोकरी गेली. तू कुपी पाण्याच्या खणातूनच घेतली होतीस. त्या सकाळी तो खण मी भरला होता. चौकशीत साहेबांनी विचारलं, "खण कोणी भरला?" मी फरशीकडे बघत राहिले. तूही काही बोलली नाहीस. तुला माहीत होतं का, हे विचारायचा धीर नऊ वर्षांत झाला नाही.

परवा बाईंना सांगितलं. त्यांनी जुनी फाइल काढायला लावली, माझा जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि वर पाठवला. आज म्हणाल्या, "त्यांच्या नावावरचा डाग पुसायचा आपण प्रयत्न करू. बहिणीला सांगितलंत?"

"नाही."

"मग आज लवकर घरी जा."

उत्तर आलं नाही तरी चालेल, असं लिहिणार होते. चालणार नाही, ताई.

तुझीच म्हणवून घ्यायची अजून मुभा असेल तर,

तुझी
धाकटी