पिवळ्या शेवाळाचा बंदोबस्त

२ एप्रिल, सकाळी ७.१५

पूलवाल्याला आजपासून नारळ दिला. आठवड्यातून दोनदा यायचा, जाळी फिरवायचा, पाण्यात बोट बुडवून आकाशाकडे बघायचा आणि जायचा. याला काम म्हणत नाहीत. काल म्हणाला, साहेब, फिल्टरमधली वाळू बदलायला झालीय, पण जपून करावं लागतं, आतल्या नळ्या नाजूक असतात. मी एकतीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल बघितलंय. मला नळ्यांचं सांगतो!

मागच्या अंगणातला हा पोहण्याचा पूल घराबरोबरच मिळाला. इतकी वर्षं त्याचा उपयोग काय, असं ही विचारायची. आता उपयोग आहे. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला. फिजिओबाईंनी बजावलंय की वीस तारखेपासून रोज अर्धा तास छातीभर पाण्यात चालायचं, नाहीतर गुडघा अडकून बसेल आणि मग जन्मभर काठी. मी शब्द दिलाय. वीस तारखेला पाणी असं असेल की पिऊन घ्यावं.

ही काही बोलली नाही. विश्वास आहे.

३ एप्रिल, दुपारी

वाळू बदलली. एकट्याने. पिशवीवर छापलंय की टाकीत आधी निम्मं पाणी भरा, मग वाळू सोडा. कोरडी वाळू कोरड्या टाकीत जास्त नीट बसणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल. खांद्यावरून अख्ख्या पिशव्या ओतल्या. आतून दोनदा कडकन आवाज आला. वाळू बसल्याचा.

कंबर धरलीय. पण समाधान वेगळंच.

५ एप्रिल

पूलच्या तळाशी पिवळट तपकिरी थर. घाबरायचं कारण नाही. दोष दिसला की आधी निदान, मग उपाय. नेटवर चार तास वाचलं. पिवळं शेवाळ: धुळीसारखं तळाशी बसतं, ब्रश लावला की उडतं, पुन्हा येऊन बसतं. तिन्ही लक्षणं तंतोतंत. कॉफीच्या रिकाम्या बाटलीत नमुना घेतला, चिठ्ठी लावली, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. बाजूला तुलनेसाठी नळाचं पाणी.

क्लोरीनचा मोठा डोस दिला. हातात पंधरा दिवस आहेत. पुरून उरतील.

६ एप्रिल, सकाळी १०

व्हॅक्यूम लावून तळ लख्ख केला. फोटो काढून मुलीला पाठवला. तिने अंगठा पाठवला.

६ एप्रिल, संध्याकाळी ६

पुन्हा थर. जास्तच. या शेवाळाची वाढ अचाट आहे. मुलीला कळवलं नाही.

८ एप्रिल

कुंपणापलीकडून शेजारचे सर डोकावले. रिटायर झाले तरी विज्ञान शिकवायची खोड गेलेली नाही. म्हणाले, तळातलं चिमूटभर घ्या, बोटांत चोळा. बुळबुळीत लागलं तर शेवाळ, खरखरीत लागलं तर वाळू, पिठासारखं लागलं तर झाडाचा पराग. पाच सेकंदांचं काम.

मनावर घेतलं. रबरी हातमोजे घालून चोळलं, कारण क्लोरीन फार आहे. काहीच लागलं नाही. म्हणजे खरखरीत नाही, हे सिद्ध झालं. शेवाळच.

९ एप्रिल

ही वॉकर घेऊन मागच्या दारापर्यंत आली. बराच वेळ बघत होती. म्हणाली, पंपाचं पाणी ज्या तोंडातून येतं, बरोब्बर त्याच्यासमोरच कसं हो हे साठतं? मी समजावलं की शेवाळालाही वाहतं पाणी मानवतं. ती बरं म्हणाली आणि वळली. वळायला तिला किती वेळ लागतो! आधी इतका लागत नव्हता.

११ एप्रिल

क्लोरीन तपासायचं किट आणलं. नळीत पाणी, त्यात थेंब. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. क्षणभर पिवळं झालं आणि लगेच पांढरं. म्हणजे क्लोरीन शून्य! शेवाळाने सगळा खाल्ला. दुप्पट टाकला. पुन्हा पांढरं. तिप्पट टाकला.

१२ एप्रिल

डोळे चुरचुरतायत. निळी चड्डी घालून पायऱ्यांवरून उतरलो होतो, पांढरी होऊन वर आलो. किटची माहिती शेवटच्या पानापर्यंत वाचली. क्लोरीन प्रमाणाबाहेर गेला तर थेंबांचा रंगच उडतो म्हणे. हे पहिल्या पानावर छापायला नको?

चड्डी बादलीखाली लपवली. हिने बादली उचलली.

१४ एप्रिल, सकाळी ८

धोरण बदललं. शेवाळनाशक औषध आणलं, तांब्याचं. अर्धी बाटली पुरते. ज्याअर्थी शेवाळ हट्टी आहे त्याअर्थी दोन बाटल्या.

१४ एप्रिल, दुपारी ३

पाणी हिरवं झालं. गढूळ नाही, आरपार दिसतं, पण हिरवंगार. सर कुंपणावरून म्हणाले की जास्त क्लोरीनमध्ये तांबं पडलं की असंच होणार, रंग तुम्हीच घातलात. मी म्हणालो, ही दुसरी जात असावी. खिडकीत दुसरी बाटली ठेवली.

आता सहा दिवस. व्यवस्थित नियोजन केलं तर सहा दिवस कमी नाहीत.

१६ एप्रिल

फिजिओबाई आल्या. हिचा पाय वाकवायला लागल्या तसा मी बाहेर गेलो. आतून आवाज आला. तेहेतीस वर्षांच्या संसारात मी हिला असं ओरडताना ऐकलेलं नाही.

गुडघा सत्तर अंश वाकतो. आत्तापर्यंत शंभर व्हायला हवा होता. बाई म्हणाल्या, जमिनीवर सोसत नाही, पाण्यात अंग हलकं होतं, तिथेच सुटेल. मग पूल बघायला आल्या. काठावर उभ्या राहिल्या, नाकाला रुमाल लावला. म्हणाल्या, काका, यात यांना उतरवायचं नाही हं. ताजी जखम आहे.

मी म्हणालो, वीसपर्यंत होतंय. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, हिच्याकडे बघितलं.

पूलवाल्याचा नंबर काढला. दोन मिनिटं फोन हातात धरून बसलो. मग ठेवला. इतकं होत आल्यावर त्याला बोलावलं तर श्रेय तो घेईल.

१७ एप्रिल

जेवताना ही म्हणाली, मला फक्त चालायचंय हो. बाकी काही नको.

ताट तसंच ठेवून बाहेर गेलो आणि अंधार पडेपर्यंत ब्रश मारला.

१८ एप्रिल

पंप कालपासून बंद ठेवलाय, आवाजाने डोकं उठलं होतं. निम्मं हिरवं पाणी बाहेर काढून नवीन भरलं, त्यामुळे रंग बराच उतरला, क्लोरीनही आटोक्यात आला. मग दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून केराच्या सुपलीने तळाचा थर हाताने भरून काढला. पाच बादल्या. बादल्या उचलवत नव्हत्या. शेवाळ एवढं जड असतं हे कुठे लिहिलेलं नाही. बहुधा हा माझाच शोध.

१९ एप्रिल, सकाळी ६.३०

तळ स्वच्छ! रात्रभरात कणही आला नाही! ओरडतच घरात गेलो. हिला उठवलं. खुर्ची बाहेर नेऊन तिला पूलच्या काठावर बसवलं. ती हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली. म्हणाली, उद्या उतरते मग.

पाणी खेळतं राहावं म्हणून पंप चालू केला.

१९ एप्रिल, सकाळी ९

थर.

ही खुर्चीतच होती. म्हणाली, पंप बंद असला की येत नाही, चालू केला की येतं. मी म्हणालो, योगायोग. पुन्हा तसं म्हणू नकोस, असंही म्हणालो. जरा जोरातच म्हणालो.

२० एप्रिल

सकाळी आठला ही पोहण्याचे कपडे घालून, वर गाऊन चढवून, वॉकर घेऊन दारात उभी. तो ड्रेस मुलीने पाठवलेला. कपडे चढवायलाच तिला पाऊण तास लागला असणार, मला हाकही मारली नाही. मी पाण्यात होतो. सुपली हातात. पाणी ढवळून चहासारखं झालेलं, पायाखालचं दिसत नव्हतं.

म्हणालो, अकरा वाजेपर्यंत थांब. अकराला म्हणालो, चारपर्यंत. चार वाजता आत गेलो तर ती तशीच पलंगावर बसलेली, कोरडाच टॉवेल मांडीवर.

बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. क्लोरीनमुळे डोळे लाल आहेतच, त्यामुळे कळलं नसावं.

२१ एप्रिल

मुलगी जावयांबरोबर गाडी घेऊन आली. हिनेच बोलावलं होतं. त्यांच्या इमारतीत पूल आहे म्हणे. मुलगी म्हणाली, बाबा, आईला मी नेते, तुम्ही आराम करा. मी बॅग उचलायला गेलो तर जावयांनी आधीच ठेवली होती.

जाताना हिने सांगितलं, पूलवाल्याला फोन केलाय, दुपारी येईल, त्याला काम करू द्या. मी म्हणालो, कशाला, माझं होत आलंच होतं. ती गाडीत बसली. पाय आत घ्यायला मुलीने मदत केली. मी उजव्या बाजूला उभा होतो, पाय डावा होता.

२१ एप्रिल, संध्याकाळी

पूलवाला आला. खिडकीतल्या बाटल्या बघितल्या, एक उघडली, चिमूटभर काढून माझ्या उघड्या तळहातावर ठेवली आणि चोळायला सांगितलं.

खरखरीत.

वाळू. माझ्याच फिल्टरची वाळू. टाकी उघडून त्याने तुटलेल्या दोन नळ्या बाहेर काढल्या. पंप चालू केला की तुटक्या नळ्यांतून वाळू निघून थेट पूलमध्ये. मी व्हॅक्यूम करून ती टाकीत पाठवायचो, टाकी ती परत करायची. सोळा दिवस मी वाळू फिरवत होतो.

त्याने विचारलं, टाकीत आधी पाणी भरलं होतं ना साहेब? मी म्हणालो, भरलं होतं तर. तो म्हणाला, मग नळ्याच कच्च्या असतील. चांगला माणूस आहे.

मलाही पहिल्यापासून फिल्टरचाच संशय होता.

२६ एप्रिल, सकाळी ११

पाणी काचेसारखं झालंय. हिला फोन केला. गुडघा पंच्याण्णव अंश झाला म्हणाली. तिकडे सकाळी तिघी जणी मिळून पाण्यात चालतात. म्हणालो, आता ये, इथे अख्खा पूल तुझ्या एकटीचा. उद्याच न्यायला येतो.

म्हणाली, पुढचा महिना इथेच राहीन म्हणते.

रागावलीस का, असं विचारलं. नाही म्हणाली. मग म्हणाली, ती वाळू आहे हे मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही चपलांना लावून स्वयंपाकघरात आणत होतात, रोज मीच पुसत होते, एका हाताने वॉकर धरून.

मी चिडलो. मग सांगितलं का नाहीस?

सांगितलं होतं, म्हणाली. दोनदा. तुम्ही वहीत लिहीत होतात.

फोन ठेवल्यावर मागची पानं काढून बघितली. थराचा रंग आहे, औषधांची मापं आहेत, पंपाच्या वेळा आहेत. ती वाळू म्हणाल्याचं कुठेच नाही. पुन्हा पहिल्यापासून बघितलं. नाही.