जुन्या यंत्राची अट

३ मार्च
चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.
तुझ्या कंपनीने पाठवलेला बदल वाचला. मजकूर ब्रेलमध्ये छापणारा, मी सगळ्यांना फुकट वापरायला दिलेला माझा प्रोग्राम अंधशाळेतल्या नव्या संगणकांवर चालतच नव्हता. तुमच्या बदलाने चालला. पण शाळेच्या जुन्या छपाईयंत्रातून निघाले कोरे कागद! तिथले गुरुजी स्वतः दृष्टिहीन. कागद चाचपून म्हणाले, परीक्षा तोंडावर आहे, पोरांना हे देऊ का? तुम्ही फक्त तुमच्या विक्रीच्या यंत्रांवर तपासलंत, हो ना? फुकट दिलंत म्हणून मी डोळे मिटून घेणार नाही. नोकरी सांभाळून एकटीने दुरुस्त करणं मला जमायचं नाही, हेही खरंच.
तब्येत सांभाळ. रागावले असले तरी माया तीच.
तुझी ताई

७ मार्च
ती. ताईस शि. सा. न. वि. वि.
साहेबांना विचारलं. ते म्हणाले, त्या जुन्या यंत्रांतून आपल्याला काय मिळणार? लपवत नाही, आमचा स्वार्थच आहे : आम्ही विकतो ती यंत्रं तुझ्याच प्रोग्रामवर चालतात. तू बदल घेतला नाहीस, तर तुझ्या दर नव्या आवृत्तीला आम्हाला तो पुन्हा बसवत बसावं लागेल. तेच त्यांना सांगितलं. शिवाय म्हटलं, ताई पत्त्यांत लबाडी करणाऱ्याला डावातून उठवायची, ती ऐकणार नाही. साहेबांनी मुकाट्याने एक इंजिनिअर दिली. जुनं यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून गुरुजी छापतात, चाचपतात आणि फोनवर तिला चुका सांगतात. काल बिचारीला दोनदा नापास केलं!
भाचीला पापा. तुझा ओरडा चालू ठेव, त्याशिवाय करमत नाही.
तुझा ढब्बू

२६ मार्च
चि. ढब्बूस अनेक आशीर्वाद.
बदल घेतला. प्रश्नपत्रिका छापून झाल्या. आभार मानायला बसले आणि अडले. गरज तुमची होती, मग आभार कसले? पण मी तरी कशासाठी करते? कुणी कौतुक कळवलं की दोन दिवस फुलून असते. कुणी कळवलं नाही की सोडून द्यावंसं वाटतं. तुमची गरज निदान रुसत नाही.
म्हणून बदल स्वीकारायचा अधिकार माझ्याबरोबर तुमच्या इंजिनिअरलाही देते आहे. अट एकच : गुरुजींनी कागद पास केल्याशिवाय काही पुढे जाणार नाही.
आभारांचा घोळ गुरुजींना सांगितला, तर हसले. म्हणाले, पोरं पेपर वाचतायत. कुणाच्या मनात काय होतं ते बोटांना लागत नाही.
सगळ्यांना आठवण सांग. घरी ये, पत्ते काढून ठेवते. लबाडी चालणार नाही.
तुझी ताई